तुमच्या ब्रशचं वय काय?

बालमित्रांनो, आधी एक कोडं घ्या.

डोक्यावर केस ताठ, पण भांग कधी पाडत नाही. रोज तोंडात शिरतो, पण पोटात कधी उतरत नाही. स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला चमकवतो. ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! टूथब्रश. हे कोडं सोपं होतं. आता दुसरं घ्या. याचं उत्तर पुस्तकात नाही, गुरुजींनाही ठाऊक नाही. ते फक्त तुमच्याच घरात सापडेल. तुमच्या ब्रशचं वय काय?

हाच प्रश्न मी एकदा माझ्या चौथीच्या वर्गात विचारला. आमचा जिल्हा गोंदिया. धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि जंगलांचा. मुलांची उत्तरं ऐकून हसू आवरेना. एक म्हणाला, ''जुना हरवला तेव्हा नवा घेतला.'' दुसरी म्हणाली, ''मामाच्या लग्नात घेतला.'' तिसरा म्हणाला, ''पहिला कुत्र्याने नेला म्हणून!'' एक मुलगी मात्र मान खाली घालून हळूच म्हणाली, ''गुरुजी, आमच्याकडे तिघांत एकच आहे.'' मग कुणी हसलं नाही.

''ब्रश जुना झाला म्हणून बदलला'' हे उत्तर वर्गातल्या एकानेही दिलं नाही. आणि गंमत पाहा, याच मुलांचे आजोबा-पणजोबा रोज सकाळी नव्या कोऱ्या ब्रशने दात घासायचे! ते कसं काय? सांगतो.

झाडावरचा ब्रश

आमच्या झाडीपट्टीत आजही काही म्हातारी माणसं सकाळी घरामागच्या झाडाची कोवळी काडी तोडतात. तिचं टोक दातांनी चावून चावून मऊ करतात. टोकाचे धागे सुटले की झाला ब्रश तयार! याला दातवण म्हणतात, कुणी दातून म्हणतं. दात घासून झाले की काडी फेकून द्यायची. कालचं दातवण आज कुणी वापरत नाही आणि दुसऱ्याचं दातवण तर कुणी तोंडातही घालत नाही.

ही पद्धत फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या 'सुश्रुतसंहिता' या ग्रंथात दातवण कसं असावं ते नीट सांगितलं आहे. बारा अंगुळं लांब, करंगळीएवढं जाड, सरळ, बिनगाठीचं आणि ताजं. कोणत्या झाडाचं घ्यावं तेही दिलं आहे. कडू चवीत कडुनिंब उत्तम, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह आणि तिखट चवीत करंज. ही चारही झाडं आमच्या गोंदियात आहेत. मोहाच्या झाडाखाली फुलं वेचायला जाणाऱ्या आमच्या मुलांना त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

सातव्या शतकात इत्सिंग नावाचा एक बौद्ध भिक्षू चीनहून भारतात आला. नालंदा विद्यापीठात तो अनेक वर्षं शिकला. भारतातले लोक रोज सकाळी काडी चावून दात आणि जीभ साफ करतात, हे त्याने आपल्या ग्रंथात आवर्जून लिहून ठेवलं आहे.

दातवणाचे तीन नियम लक्षात ठेवा. ते रोज ताजं असतं, ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि झिजलेलं कधी नसतं. पुढे आपण ब्रश घेतला, पण हे तीन नियम मात्र झाडावरच विसरून आलो!

हाडाचा दांडा, डुकराचे केस

मग हा ब्रश आला कुठून? दांडीला केस बसवलेला ब्रश पहिल्यांदा चीनमध्ये तयार झाला असं मानतात. पंधराव्या शतकात तिथे हाडाच्या किंवा बांबूच्या दांडीत रानडुकराचे राठ केस बसवत. पुढे १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस नावाच्या माणसाने असे ब्रश मोठ्या प्रमाणावर बनवून विकायला सुरुवात केली. तुरुंगात असताना त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात.

या ब्रशमध्ये एक मोठी खोट होती. प्राण्याचे केस पाणी धरून ठेवतात, लवकर वाळत नाहीत. ओलाव्यात जंतू वाढतात. शिवाय केस गळून तोंडात यायचे ते वेगळंच!

हा प्रश्न सुटला तो नायलॉनमुळे. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३५ साली नायलॉन तयार केलं. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत नायलॉनच्या केसांचा पहिला टूथब्रश बाजारात आला. नायलॉनचे मोजे बाजारात यायच्याही आधी नायलॉन माणसाच्या तोंडात गेलं! हे केस पटकन वाळतात आणि सहसा गळत नाहीत. पण ते अमर नाहीत. तेही झिजतात, वाकतात, फाकतात. आणि फाकलेला ब्रश म्हणजे चावून चोथा झालेलं दातवण.

कपड्याच्या व्यापाऱ्याने काय पाहिलं?

ब्रशने आपण दातावरून नेमकं काय काढतो? काल अडकलेला पोह्याचा कण? तो तर चूळ भरूनही निघतो. ब्रशचं खरं काम वेगळंच आहे.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा त्याला भारी नाद. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातावरचा पांढरट थर खरवडला, पाण्यात मिसळला आणि भिंगाखाली धरला. पाहतो तर काय, त्यात असंख्य चिमुकले जीव हलताहेत! आणि हा माणूस रोज मीठ लावून दात घासणारा होता बरं का.

हा थर चिकट असतो. नुसत्या चुळीने तो जात नाही, घासूनच काढावा लागतो. आपण गोळी, बिस्कीट, गूळ खाल्ला की त्यातली साखर या जंतूंनाही मिळते. साखर खाऊन ते आम्ल तयार करतात. आम्लाने दाताचं एनॅमल नावाचं कठीण कवच हळूहळू विरघळतं आणि खड्डा पडतो. यालाच आपण 'दात किडला' म्हणतो. दातात अळी किंवा किडा बिडा काही नसतो. बाजारात कानात औषध घालून दातातली कीड काढून दाखवणारा कुणी भेटला, तर तो हातचलाखी करतो आहे हे ओळखा.

इथे वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, ''गुरुजी, मग नागझिऱ्याचा वाघ कुठे ब्रश करतो?'' प्रश्न अगदी रास्त आहे. पण वाघ कधी गोळ्या-बिस्किटं खातो का? उलट मांजराच्या कुळातल्या प्राण्यांना गोड चव कळतच नाही, असं २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यांनी तपासलेल्या प्राण्यांत वाघही होता. वाघाला गोड कळत नाही, तुम्हाला फार छान कळतं. म्हणून ब्रश तुम्हाला लागतो, वाघाला नाही!

सहाव्या वर्षीची पाहुणी

आता एक महत्त्वाची गोष्ट. ही आई-बाबांनाही वाचून दाखवा.

लहानपणी आपल्याला २० दुधाचे दात असतात. ते पडतात आणि नवे येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, एक नवी दाढ गुपचूप येते. वर दोन, खाली दोन, अशा एकूण चार. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे त्या आल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. घरचे समजतात, ही दुधाचीच दाढ. किडली तर किडली, पडून नवी येईल!

मुलांनो, ती पडून नवी येत नाही. ती जन्मभराची असते. भाकर, ऊस, चणे, सगळं चावायचं काम तिचं. ती अगदी मागे असते, तिच्यावर खोल खाचा असतात आणि केस फाकलेला जुना ब्रश तिथे नीट पोचत नाही. परीक्षेच्या दिवशी गालाला हात लावून बसलेला, डोळ्यांत पाणी आलेला मुलगा मी पाहिला आहे. त्याला प्रश्न येत होते, पण ठणक लिहू देत नव्हती. दुखणारा दात मुलांची झोपही नेतो आणि अभ्यासही.

म्हणून आज आरशासमोर उभे राहा, आ करा आणि ही पाहुणी शोधा. तिच्यावर काळा ठिपका किंवा खड्डा दिसला तर दुखायची वाट पाहू नका, लगेच घरी सांगा. वेळेवर गेलं तर दाढ भरता येते, काढावी लागत नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या डॉक्टरांनाही सांगा. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या महाराष्ट्रातल्या पालघरलाच सुरू झाला आणि त्यात किडलेले दातही तपासतात. लाजून तोंड मिटून बसू नका.

ब्रश संपला हे कसं ओळखायचं?

पेन संपलं की लिहीत नाही. ब्रश संपला तरी घासतच राहतो, म्हणून आपण फसतो. दातांचे डॉक्टर सांगतात, ब्रश दर तीन ते चार महिन्यांनी बदलावा. केस त्याआधीच फाकले तर आधीच बदलावा. लहान मुलांचे ब्रश लवकर फाकतात, कारण मुलं ते चावतात!

एक सोपी परीक्षा करा. ब्रश पालथा धरा, म्हणजे पाठ तुमच्याकडे. पाठीच्या कडेबाहेर केस डोकावताना दिसले, तर त्याचं काम संपलं. नवा ब्रश महिन्याभरातच असा झाला, तर दोष ब्रशचा नाही. तुम्ही भांडं घासल्यासारखे दात घासताय! दात घासायला जोर लागत नाही. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, हिरडी आणि दात मिळतात तिथे तो थोडा तिरपा धरावा आणि हलक्या हाताने, लहान लहान फेऱ्यांनी घासावं. बाहेरून, आतून आणि चावायच्या बाजूने. दोन मिनिटं सकाळी, दोन मिनिटं रात्री झोपताना. रात्रीचं घासणं अजिबात चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

जुना ब्रश वापरला की माणूस लगेच आजारी पडतो, असं मात्र नाही हं. उगाच घाबरू नका. ब्रश बदलायचा तो मुख्यतः झिजलेले केस नीट साफ करत नाहीत म्हणून.

आणि पैसे? हिशेब करू. ब्रश २० रुपयांना मिळाला असं धरा. तो ९० दिवस चालला. म्हणजे रोजचे किती? जेमतेम २२ पैसे! रोज एक रुपयाची गोळी खाल्ली तर ९० दिवसांत ९० रुपये होतात. त्या गोळ्यांनी दात किडतील, ते वेगळंच.

ब्रश तुमचा आहे, त्याला जपा

नवा ब्रश आणला की काम संपत नाही. त्याची निगा अशी राखा.

एक, दात घासण्याआधी हात धुवा. घासून झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरा आणि केसांवरून अंगठा फिरवा. बोअरिंगवर जात असाल तर तांब्याने पाण्याची धार धरा, बादलीत बुचकळू नका. मग ब्रश जोरात झटका.

दोन, ब्रश उभा ठेवा. केसांची बाजू वर आणि दांडा खाली. पाणी निथळून जाईल आणि वारा लागेल. ओला ब्रश डबीत, टोपीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. प्रवासात झाकण चालेल, पण पोचल्यावर लगेच काढा. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. ओला ब्रश पेटीत बंद करू नका. खिडकीजवळ एक पेला ठेवा, त्यात उभा करा.

तीन, पावसाळ्यात जास्त सांभाळा. रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे कपडेसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाहीत, मग ब्रश कुठून वाळणार? जमलं तर दोन ब्रश ठेवा. एक सकाळचा, एक रात्रीचा.

चार, ब्रश शौचालयापासून दूर ठेवा. आता पुष्कळ घरी शौचालय आणि न्हाणी शेजारी-शेजारी असतात. फ्लश केल्यावर घाणीचे अगदी बारीक तुषार हवेत उडतात, असं चार्ल्स गर्बा या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली प्रयोगातून दाखवलं. झाकण असेल तर ते लावून फ्लश करा आणि ब्रश दुसरीकडे ठेवा. झुरळं फिरतात त्या कोनाड्यातही नको.

पाच, ब्रश उकळत्या पाण्यात टाकू नका. केस वाकडे होतात. साधं पाणी आणि मोकळी हवा एवढं पुरे.

करून पाहा: दोन जुने ब्रश घ्या आणि दोन्ही पाण्यात भिजवा. एक पेल्यात उभा ठेवा, दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हींचे केस वर्तमानपत्राच्या कागदावर टेकवा. कोणत्या ब्रशचा ओला डाग पडला? का पडला? वहीत लिहा.

तिघांत एक नको

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येऊ. एक ब्रश दोघांनी वापरू नये, मग ते सख्खे भाऊ-बहीण का असेनात. दात घासताना कधी कधी हिरडीतून रक्त येतं. एकाच्या तोंडातले जंतू ब्रशवरून दुसऱ्याच्या तोंडात जातात. 'ब' प्रकारच्या काविळीसारखा रक्तातून पसरणारा आजारही असा जाऊ शकतो. पेल्यातसुद्धा ब्रशची डोकी एकमेकांना चिकटू देऊ नका. कुणाला सर्दी-ताप असेल तेव्हा तर मुळीच नको.

घरात सगळे ब्रश एकाच रंगाचे असतील तर दांड्याला रंगीत दोरा बांधा. ताईचा लाल, दादाचा हिरवा, बाळाचा पिवळा.

आणि ज्याच्याकडे स्वतःचा ब्रश नाही त्याने काय करायचं? त्याने लाजू नये. दुसऱ्याच्या ब्रशपेक्षा आजोबांचं ताजं दातवण कितीतरी चांगलं! नीट चावून, हिरडीला न टोचता वापरलं तर तेही दात स्वच्छ करतं. मात्र तंबाखूची मशेरी किंवा आपल्या शेजारच्या छत्तीसगडात मिळतं ते गुडाखू बोटावर कधीच घेऊ नका. तंबाखूने दात मजबूत होत नाहीत, फक्त सवय जडते. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन यांवर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली आहे.

पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत ब्रशभर लांबच लांब लाट दाखवतात. ती विसरा. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी. तुम्ही त्याहून मोठे असाल तरी वाटाण्याएवढी पुरते. पेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या कवचाला बळ देतं, पण गिळायचं नाही, थुंकायचं. तांदळाचा दाणा केवढा असतो, हे आम्हा गोंदियावाल्यांना शिकवायला नको!

कॅलेंडरवर चार खुणा

तीन महिने झाले हे लक्षात कसं राहणार? आमच्या वर्गाने एक युक्ती काढली. शाळा उघडते तेव्हा, म्हणजे आमच्या विदर्भात जूनअखेर, नव्या वहीसोबत नवा ब्रश. दसऱ्याला शस्त्रं-अवजारं पुजतो, तेव्हा दुसरा. १४ जानेवारीच्या सुमारास संक्रांत असते, तिळगूळ खायचा तर ब्रशही नवा हवा, तेव्हा तिसरा. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती, तेव्हा चौथा. झालं वर्ष!

वर्षाला चार ब्रश म्हणजे प्लास्टिकचा कचरा वाढतो, हेही खरं. प्लास्टिकचा दांडा मातीत कुजत नाही. तो चुलीत मुळीच टाकू नका, त्याचा धूर विषारी असतो. बाजारात बांबूच्या दांड्याचेही ब्रश मिळतात. त्यांचे केस बहुधा नायलॉनचेच असतात आणि दांडा ओला राहिला तर बुरशी धरतो. म्हणजे वाळवणं आलंच.

जुन्या ब्रशला दुसरी नोकरी द्या. सायकलची चेन, पंपाची तोटी, खिडकीची जाळी घासायला तो पटाईत. पायजम्याची नाडी ओवायला तर आई त्याचाच दांडा शोधते! चित्रकलेच्या तासाला कागदावर पिंपळाचं पान ठेवा, ब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासा. तुषार उडतील आणि पान उचललं की खाली पांढरं पान उमटेल. फक्त निवृत्त ब्रशच्या दांड्यावर आधी एक खूण करा, नाहीतर सकाळी झोपेत कुणीतरी सायकलच्या चेनचा ब्रश तोंडात घालायचं!

चला तर मग. वाचून झालं की उठा, तुमचा ब्रश आणा आणि पालथा धरून पाहा. केस कडेबाहेर आलेत का? आले नसतील तर दांड्यावर आजची तारीख लिहा. आले असतील तर येत्या आठवडी बाजारात आईला सांगायची वस्तू ठरली. आणि घरात एकाच ब्रशवर दोघं असाल, तर दुसरा ब्रश आधी धाकट्यासाठी मागा. त्याची सहाव्या वर्षीची पाहुणी अजून यायची आहे.